हवेचे प्रगतिपुस्तक

हवेलाही हल्ली शेरे मिळतात. २०१५ साली आपल्याकडे हवेचा निर्देशांक सुरू झाला. ‘चांगली’पासून ‘गंभीर’पर्यंत सहा पायऱ्या! आता गंमत पाहा. अडीच मायक्रॉनहून बारीक धूलिकण, जे थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, ते घनमीटरमागे चोवीस तासांत सरासरी ५० मायक्रोग्रॅम भरले, तरी शेरा ‘समाधानकारक’. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५ आहे! मी मराठीचा मास्तर. आमच्या लेखी ‘समाधानकारक’ म्हणजे काळजी नको. सरकारी तक्त्यात मात्र त्याच शेऱ्यापुढे लिहिले आहे, की नाजूक प्रकृतीच्या माणसांना श्वासाचा किंचित त्रास संभवतो. तेव्हा घरी दम्याचे माणूस असेल, तर फटाक्यांच्या दिवसांत शेऱ्यावर न थांबता मायक्रोग्रॅमचा आकडा पाहावा.