मुदतवाढीचा निकाल कुठे लागतो?

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आईवडिलांच्या पासपोर्टवर बहुधा दहा वर्षांचा व्हिसा असतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. या दहा वर्षांत अमेरिकेच्या दारापर्यंत कितीदाही यावं, पण आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. पर्यटकाला तो सहसा सहा महिने देतो. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. विमानाने येणाऱ्यांना २०१३पासून तिचा कागद हातात मिळत नाही, सरकारी संकेतस्थळावर पाहावी लागते, त्यामुळे पुष्कळांना ती माहीतच नसते. अमेरिकेतल्या एडिसनमधला मुलगा ‘आईचा व्हिसा वाढवायचाय’ म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तिचा मुक्काम वाढवायचा असतो. मुंबईच्या ज्या वकिलातीने व्हिसा दिला, तिचा याच्याशी काही संबंध नसतो. मुक्काम वाढवण्यासाठीचा आय-५३९ हा अर्ज यूएससीआयएस या खात्याकडे जातो.

अर्ज भरायला अवघड नाही. एप्रिल २०२४पासूनच्या दरपत्रकात ऑनलाइन अर्जाला ४२० डॉलर आणि कागदी अर्जाला ४७० डॉलर शुल्क ठरलं. पतिपत्नींना एकाच अर्जात नाव घालता येतं. आय-९४ची तारीख उलटायच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करा, असं खातं सांगतं. कस लागतो तो सोबतच्या पत्रात. जास्त का राहायचंय, ते राहणं तात्पुरतंच कशावरून आणि परतीची व्यवस्था काय, याची उत्तरं त्यात लागतात. शस्त्रक्रिया झाली आहे, अमुक महिन्यापर्यंत विमानप्रवास नको, हे डॉक्टरच्या पत्रासह मांडलेलं कारण भक्कम, कारण त्याला शेवट आहे. ‘नातवाला सांभाळायला कोणी नाही’ हे सर्वांत खरं कारण, आणि तेच सर्वांत कच्चं. नातू सहा महिन्यांनीही लहानच असणार. मग मुलाचं बँक स्टेटमेंट, गावाकडच्या घराचे कागद, परतीचं तिकीट अशी जुळवाजुळव होते. पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचाय, असंही कुणी लिहितं, पण तो दाखला आता भारताबाहेरूनही देता येतो, तेव्हा तो पुरावा लंगडाच.

यानंतर जे घडतं त्यात या व्यवस्थेची खरी गोम आहे. निकालाला कित्येक महिने लागतात, अनेकदा मागितलेल्या मुदतीहूनही जास्त. अर्ज वेळेत आणि प्रामाणिकपणे केला असेल, तर तो पडून असेपर्यंतचं राहणं बेकायदा वास्तव्यात मोजत नाहीत. साहजिकच पावती हाती आली की मुदत मिळालीच, असं धरून घरं चालतात. माझ्या मते ही समजूत धोक्याची आहे. पावती म्हणजे परवानगी नव्हे. आय-९४ची तारीख उलटल्यावर नकार आला, तर पासपोर्टवरचा दहा वर्षांचा व्हिसा कायद्याने आपोआप रद्द ठरतो आणि नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून बेकायदा दिवस मोजायला लागतात. ते १८० दिवस भरल्यावर देश सोडला तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्ष भरलं तर दहा वर्षं.

‘आम्ही निकालाआधीच पुण्याला परतलो, मग भीती कसली?’ हा आक्षेप बिनबुडाचा नाही. अर्ज प्रलंबित असताना परतलं तर व्हिसा सहसा शाबूत राहतो. पण येण्याजाण्याच्या तारखा पुढच्या खेपेला अधिकाऱ्याच्या पडद्यावर असतात. दोन मुक्कामांमध्ये किती महिने मायदेशी काढावेत, याचा लेखी नियम नाही, आणि म्हणूनच सगळं त्याच्या मतावर अवलंबून राहतं. दहा महिने राहून गेलेली आजी चार महिन्यांत पुन्हा दारात उभी राहिली, तर ती पाहुणी म्हणून आली आहे की राहायला, असा प्रश्न त्याला पडणारच. तो महिन्याभराचीच मुदत देऊ शकतो किंवा परतही पाठवू शकतो. मुदतवाढीचा खरा निकाल लागतो तो इथे.

‘कायद्यानेच दिलेली सोय वापरायला भ्यायचं कशाला?’ हा दुसरा आक्षेप. मुळीच भिऊ नये. बाळंतपण अवघड झालं, आजारपण आलं, २०२०सारखी विमानंच बंद पडली, तर बेलाशक अर्ज करावा. दोष खात्याच्याही पदरात घालायला हवा: सहा महिन्यांच्या विनंतीवर सहा महिन्यांनंतर निर्णय देणं हा न्याय नव्हे. जादा शुल्क भरून लवकर निकाल मिळवण्याची सोय विद्यार्थी दर्जात बदल मागणाऱ्यांना आहे, पाहुण्यांना नाही. पण खात्याच्या दिरंगाईला स्वतःची हक्काची मुदत समजणं हा त्यावरचा उपाय होत नाही. अर्ज करण्याआधी परतीचं तिकीट काढा, निकाल आला नाही तरी त्या तारखेला निघा, आणि अर्जाची पावती व बोर्डिंग पास पुढच्या खेपेपर्यंत जपून ठेवा.