घरावरचे कर्ज, बँकेची नोटीस आणि न्यायालयांचे निकाल

मागच्या पावसाळ्यात गुंजीतलेच एक गृहस्थ आमच्या घरी आले. मुलाने बेळगावात फ्लॅट घेतला होता आणि त्या कर्जाला गावातले घरही तारण दिले होते. मुलाची गोव्यातली नोकरी सुटली, हप्ते थकले. गृहस्थांच्या हातात बँकेचे रजिस्टर पाकीट होते, न फोडलेले. ते येऊन पन्नास दिवस झाले होते. "फोडले नाही तर लागू होत नाही ना, साहेब?" असे त्यांनी विचारले.

आम्ही नोकरीत असताना अशा नोटिसांवर सह्या केल्या आहेत. पाकीट फोडले नाही म्हणून मुदत थांबत नाही, हे त्यांना सांगताना आम्हालाच जड गेले. म्हणून सभासदांसाठी हा विषय सोप्या भाषेत मांडत आहोत.

कायदा काय सांगतो?

ही नोटीस २००२ च्या सरफेसी कायद्याखाली येते. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए होते. मग बँक कलम १३(२) ची नोटीस देऊन ६० दिवसांत सर्व रक्कम मागते. ती न भरल्यास दिवाणी दावा न लावता बँक घराचा ताबा घेऊन लिलाव करू शकते. ताब्याला अडथळा आला तर जिल्हाधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांची मदत घेतली जाते.

हा कायदा घटनाबाह्य आहे, असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. एप्रिल २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स प्रकरणात न्यायालयाने कायदा कायम ठेवला. मात्र दाद मागण्याआधी ७५ टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली आणि कर्जदाराच्या हरकतीचा विचार बँकेने केलाच पाहिजे, असे बजावले. त्यानंतर कायद्यात दुरुस्ती झाली. आज लेखी हरकत मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने कारणांसह उत्तर द्यावे लागते.

सहकारी बँकेचे कर्ज असेल तर?

"आपली तर सहकारी बँक, तिला हा कायदा कुठे लागतो?" असे आपल्या भागात अजूनही ऐकू येते. याचे उत्तर देणारा खटला निपाणीजवळच्या मुरगूडचाच आहे. विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या प्रकरणात ५ मे २०२० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की, राज्याच्या कायद्याखाली नोंदलेल्या असोत वा बहुराज्य असोत, सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे. पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्या मात्र बँका नव्हेत. त्यांची वसुली सहकार कायद्याच्या वाटेने होते. म्हणून कर्ज नेमके कोणाचे आहे, हे कागदावर आधी पाहावे.

पैसे भरून घर सोडवण्याची शेवटची वेळ

हा भाग सर्वांनी नीट वाचावा. पूर्वी लिलाव पुरा होईपर्यंत सर्व रक्कम भरून मालमत्ता सोडवता येत असे. २०१६ मध्ये कलम १३(८) बदलले. २१ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईच्या बाफना मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला: लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली की सोडवणुकीचा हक्क संपतो. त्या प्रकरणात लिलावात १०५.०५ कोटींची बोली आली होती आणि कर्जदार १२९ कोटी भरायला तयार होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला परवानगी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. सप्टेंबर २०२५ मध्ये एम. राजेंद्रन प्रकरणात न्यायालयाने हाच अर्थ कायम ठेवला.

म्हणजे "लिलावाच्या आदल्या दिवशी शेत विकून भरू" हा हिशेब आता चालत नाही. लिलावाची जाहिरात दोन वृत्तपत्रांत येते, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. आपल्याकडे ते कन्नडही असू शकते. "आम्ही मराठी पेपर वाचतो" ही सबब तिथे उपयोगी पडेल, या भरवशावर राहू नये.

शेतजमिनीचे काय?

शेतजमिनीवरच्या तारणाला सरफेसी लागत नाही. पण उताऱ्यावर नुसते 'शेती' लिहिलेले असणे पुरत नाही. गोव्यातील एका हॉटेलच्या, ब्लू कोस्ट हॉटेल्सच्या, प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमिनीचा खरा वापर आणि कर्जाचा हेतू पाहिला व ही सबब मानली नाही. बँकेने हरकतीला उत्तर देणे बंधनकारक आहे, हेही त्याच निकालात सांगितले. आपल्या खानापूर तालुक्यात भाताच्या शेतात घर बांधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नोटीस आली तर

पाकीट त्याच दिवशी फोडा आणि मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. रक्कम, व्याज किंवा हप्त्यांची नोंद चुकली असेल तर ६० दिवसांच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मॅनेजरसमोर बोललेले कागदावर राहत नाही. ताब्याची कारवाई झाल्यास ४५ दिवसांत ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. कर्नाटकाचे न्यायाधिकरण बेंगळूरला आहे, त्यामुळे वकील आणि प्रवास यांचा वेळ आधीच धरा. लिलावातून देणे व खर्च वजा जाऊन काही उरले तर ते कर्जदाराचे असते. ते मागून घ्या.

त्या गृहस्थांकडे दहा दिवस उरले होते. आम्ही हरकतीचे पत्र लिहून दिले, पण घर वाचले ते पत्राने नव्हे. सुनेने दागिने मोडले, थकलेले सगळे हप्ते व्याजासह भरले आणि खाते नियमित झाले. पाकीट आले त्याच दिवशी फोडले असते तर पन्नास दिवस हातात होते आणि कदाचित दागिनेही राहिले असते. आपल्या घरात असे एखादे पाकीट फळीवर पडून असेल, तर ते घेऊन या. आम्ही संध्याकाळी घरीच असतो.