रॉ स्कॅन बिघडले की केवळ तसे दिसते?

आपल्याकडील जुन्या कुटुंबांत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत निगेटिव्हची पाकिटे हमखास सापडतात. लग्नाची वरात, आखातात निघालेल्या मुलाला विमानतळावर दिलेला निरोप, आता पाडल्या गेलेल्या घराची ओटी, असे बरेच काही त्या पट्ट्यांत साठवलेले असते. छापील छायाचित्रे भावंडांच्या वाटण्यांत विखुरली जातात. निगेटिव्ह मात्र बहुधा एकाच घरी पडून राहते. किनाऱ्यावरील दमट हवेत तिच्यावरील जिलेटिनच्या थराला बुरशी धरते, पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि मग त्या सोडवताना चित्रच उचलून येते. म्हणूनच अनेकजण जुना फिल्म स्कॅनर मिळवून हे काम घरीच करू लागले आहेत. जाणकारांच्या सल्ल्यानुसार ते 'रॉ' स्कॅन घेतात, फाईल उघडतात आणि हताश होतात. चित्र काळवंडलेले, नारिंगी, उलट्या छटांचे! यंत्र बिघडले, अशी त्यांची खात्रीच होते.

वाचकहो, बहुतेक वेळा यंत्र बिघडलेले नसते. दोष स्कॅन घेण्यात आहे की घेतलेले स्कॅन वाचण्यात आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा, असे आम्हाला अनुभवाअंती वाटते. वाचण्यातील दोष केव्हाही दूर करता येतो. घेण्यातील दोषासाठी मात्र फिल्म पुन्हा यंत्रात घालावी लागते, आणि ती तोवर शाबूत असावी लागते.

रॉ स्कॅन म्हणजे स्कॅनरच्या संवेदकाने जे मोजले ते, कोणतीही रंगसफाई न करता लिहून ठेवलेले टिपण होय. एड हॅमरिक यांनी १९९८ साली वापरात आणलेली व्ह्यूस्कॅन ही प्रणाली अशी फाईल देते; सिल्व्हरफास्टमध्येही एचडीआर आणि एचडीआरआय या नावांनी तशी सोय आहे. व्ह्यूस्कॅनमध्ये रॉ फाईल लिहिणे आणि पुन्हा वाचणे यासाठी प्रोफेशनल आवृत्ती लागते. या फाईली अवजड असतात. ३५ मिमी फिल्मची एक चौकट ४००० डीपीआयने घेतली तर सुमारे २ कोटी १४ लाख बिंदू होतात. ४८ बिटमध्ये तिला सुमारे १२९ एमबी आणि अवरक्त चॅनेलसह ६४ बिटमध्ये सुमारे १७१ एमबी जागा लागते. म्हणजे ३६ चित्रांच्या एका रोलसाठी ६ जीबीहून अधिक. स्कॅन अर्ध्यात थांबले तर प्रथम डिस्कवरील मोकळी जागा पाहावी.

आता काळोखाविषयी. संवेदक प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो. दुप्पट प्रकाश, तर दुप्पट आकडा. आपल्या संगणकाचा पडदा तसे चालत नाही. पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के परत फेकणारी मध्यम करडी छटा सरळ मोजणीत ० ते २५५ या पट्टीवर ४६ च्या आसपास येते. पडद्यावर ती योग्य दिसण्यासाठी ११७ च्या आसपास असावी लागते. या फरकालाच गॅमा म्हणतात. व्ह्यूस्कॅनची १६ बिटची रॉ फाईल गॅमा १.० ची असते, म्हणजे ही दुरुस्ती तिच्यात केलेली नसते. चित्र पाहण्याच्या साध्या प्रोग्रॅमला हे ठाऊक नसल्याने तो ती जशीच्या तशी दाखवतो आणि आपण घाबरतो. नारिंगी रंगाचेही तसेच. रंगीत निगेटिव्हच्या रंगद्रव्यांतील उणीव भरून काढण्यासाठी उत्पादकांनीच तो नारिंगी मुखवटा फिल्ममध्ये घातलेला असतो. तो काढणे आणि छटा उलटवणे हे पुढील पायरीचे काम आहे.

याच कारणास्तव एक तक्रार वारंवार ऐकू येते: "ब्राइटनेस वाढवला, रंग बदलले, तरी रॉ फाईल ढिम्म!" ती ढिम्मच राहायला हवी. रंगाच्या पानावरील कोणतीही कळ रॉ फाईलला स्पर्श करीत नाही. तिच्यावर परिणाम होतो तो डीपीआय, बिटांची संख्या, एक्स्पोजर, फोकस, चौकटीचा काप आणि अवरक्त चॅनेल घेतला की नाही, यांचा. एवढ्या गोष्टी स्कॅनच्या वेळी अचूक असल्या की पुढे दहा वेळा चुकले तरी चालते.

येथे आमची स्वतःची चूक सांगितलीच पाहिजे. एका परिचित कुटुंबाच्या निगेटिव्ह आम्ही अवरक्त चॅनेलसह ६४ बिटमध्ये घेतल्या होत्या. काही चित्रे आडवी होती. ती सरळ करावीत म्हणून आम्ही रॉ फाईली एका छायाचित्र-संपादन प्रोग्रॅममध्ये उघडल्या, फिरवल्या आणि त्याच नावाने पुन्हा साठवल्या. पट्ट्या धन्यवादपूर्वक परत केल्या. काही आठवड्यांनी धूळ-ओरखडे काढण्याची कळ चालवली, तर काहीही घडेना. त्या प्रोग्रॅमने चौथा चॅनेल निरुपयोगी समजून टाकून दिला होता. पुन्हा स्कॅन करावे म्हणून आम्ही पट्ट्या मागितल्या, तेव्हा मधल्या पावसाळ्यात त्यांतील काही एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या घरातील आजीचे एकमेव तरुणपणीचे चित्र आजही आमच्याकडे ओरखड्यांसहच आहे. तिच्या नातवाने ते हसून स्वीकारले, ही त्याची भलाई.

तो चौथा चॅनेल एवढा महत्त्वाचा का? रंगीत फिल्ममधील रंगद्रव्ये अवरक्त किरणांना जवळपास पारदर्शक असतात; धूळ आणि ओरखडे मात्र त्यांना अडवतात. त्यामुळे अवरक्त चॅनेलमध्ये चित्र न उमटता केवळ डागांचा नकाशा उमटतो आणि त्यावरून प्रणाली डाग भरून काढते. काही प्रोग्रॅम हा चॅनेल पारदर्शकतेचा समजतात. मग चित्र भोके पडल्यासारखे दिसते. हा वाचण्यातील दोष आहे, फाईल सुरक्षित असते. ती न साठवता बंद करावी आणि ज्या प्रणालीने लिहिली तिच्यातच उघडावी.

ही सफाई सर्व फिल्मना मात्र लागू नाही. पारंपरिक कृष्णधवल फिल्ममधील चांदीचे कण अवरक्त किरणांना धुळीसारखेच अडवतात. तेथे ही कळ लावल्यास प्रणाली चित्रालाच डाग समजून पुसू लागते, चेहरे मेणासारखे होतात. इल्फर्डची एक्सपी-२ ही कृष्णधवल असूनही रंगद्रव्यांची फिल्म असल्याने अपवाद आहे. कोडॅकने २००९ साली बंद केलेल्या कोडाक्रोम स्लाईडही या बाबतीत त्रास देतात. निकॉनच्या सुपर कूलस्कॅन ९००० मध्ये त्यासाठी वेगळी व्यवस्था दिलेली होती. शंका असेल तेथे अवरक्त चॅनेल रॉ फाईलमध्ये घेऊन ठेवावा, परंतु सफाई लावू नये. व्ह्यूस्कॅनमध्ये रॉ फाईल 'स्कॅन'च्या वेळी लिहायची की 'सेव्ह'च्या वेळी, असा पर्याय असतो. 'सेव्ह' निवडल्यास सफाई रॉ फाईलमध्येच मिसळली जाते. जतनासाठी 'स्कॅन' हाच पर्याय आम्ही पसंत करतो.

स्कॅन घेण्यातील खऱ्या दोषांपैकी सर्वांत मोठा म्हणजे एक्स्पोजरचा. स्वयंचलित एक्स्पोजर प्रत्येक चौकटीला वेगळी मात्रा देते आणि एकाच रोलमधील चित्रे पुढे निरनिराळ्या रंगांची निघतात. रंगीत निगेटिव्हसाठी व्ह्यूस्कॅनमधील मार्ग असा आहे: प्रथम प्रीव्ह्यू घेऊन दोन चौकटींमधील, प्रकाश न लागलेल्या रिकाम्या फिल्मवर निवडचौकट ठेवावी. 'लॉक एक्स्पोजर'वर खूण करून पुन्हा प्रीव्ह्यू घ्यावा. मग 'लॉक फिल्म बेस कलर'वर खूण करावी आणि त्यानंतरच सारा रोल घ्यावा. रिकामी फिल्म हा निगेटिव्हमधील सर्वांत उजळ भाग. तो मापात बसला की बाकीचे आपोआप बसते. संवेदक एकदा ओसंडून वाहिला की तेथील तपशील रॉ फाईलमध्येही उरत नाही. माध्यमाचा प्रकारही योग्य निवडावा. निकॉनचे कूलस्कॅन लाल, हिरव्या व निळ्या दिव्यांना स्वतंत्र वेळ देऊ शकतात. निगेटिव्ह स्लाईड म्हणून घेतली तर नारिंगी मुखवट्यामुळे निळा चॅनेल उपाशी राहतो आणि पुढे उजळवताना त्यात दाणे दिसू लागतात.

चित्रभर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रंगीत रेघ आली तर सॉफ्टवेअरला दोष देण्यापूर्वी काच पाहावी. एप्सनच्या व्ही ७०० सारख्या सपाट स्कॅनरमध्ये फिल्मधारकाच्या वरच्या टोकाशी मोजमापासाठी एक खाच मोकळी सोडलेली असते. दिवा तेथे स्वतःचे माप घेतो. त्या खाचेवर धुळीचा कण असला किंवा धारक उलटा ठेवला गेला, तर ती चूक प्रत्येक ओळीत उतरते.

स्कॅनर संगणकाला दिसतच नसेल तर कारण बहुधा वयाचे असते. निकॉनने आपली स्वतःची प्रणाली ६४ बिटच्या विंडोजसाठी कधी आणलीच नाही, आणि ॲपलने २०१९ मधील कॅटालिनापासून ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवणे बंद केले. यंत्र ठणठणीत असूनही त्यामुळे मुके होते. व्ह्यूस्कॅन अशा पुष्कळ जुन्या यंत्रांशी स्वतःच्या ड्रायव्हरद्वारे बोलते.

राहिले वाचणे. व्ह्यूस्कॅनच्या इनपुट पानावर स्रोत म्हणून स्कॅनरऐवजी 'फाईल' निवडून रॉ फाईल दाखवावी, माध्यमाचा योग्य प्रकार सांगावा आणि जणू फिल्म यंत्रातच आहे अशा रीतीने रंग, उजळपणा व सफाई ठरवावी. तयार झालेले चित्र वेगळ्या नावाने, वेगळ्या फोल्डरात साठवावे. आम्ही आता रॉ फाईली उतरताच त्यांवर 'केवळ वाचण्यासाठी' अशी खूण करतो, दुसऱ्या डिस्कवर प्रत काढतो, त्या प्रतीतील दोन-तीन फाईली उघडून चौथा चॅनेल शाबूत असल्याची खात्री करतो, आणि मगच निगेटिव्हचे पाकीट ज्याचे त्याला परत देतो.