रेझिनचा मावळा रंगवण्याआधी

दिवाळीचा किल्ला अजून मातीचाच असतो, पण पुण्यात त्यावरचे सगळेच मावळे आता कुंभारवाड्यातून येत नाहीत. ज्यांच्या घरी रेझिनचा थ्री-डी प्रिंटर आहे, ते बोटाएवढे भालदार, तोफा, घोडेस्वार घरीच छापतात आणि लगेच रंगवायला बसतात. चार दिवसांत ढालीवरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि खापर रंगाच्या बाटलीवर फुटतं. बिचारीचा दोष क्वचितच असतो.

छापून निघालेली मूर्ती कडक वाटली की झालं, हा मूळ गैरसमज. मातीची मूर्ती रंग पिते, रेझिनची पीत नाही. शिवाय तिच्या अंगावर कच्च्या रेझिनची साय असते. तिच्यावर ॲक्रिलिक धरणार कसा? म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन डबे घ्यायचे: पहिल्यात मळ काढायचा, दुसऱ्यात विसळायचं, दोन-तीन मिनिटं प्रत्येकी. जास्त वेळ भिजवलं तर भाले-तलवारी मऊ पडतात. या अल्कोहोलची वाफ पेट घेते, त्यामुळे पणत्या आणि गॅस दूरच हवेत.

मूर्ती वाळली की आधाराच्या काड्या काढायच्या. पूर्ण कडक झाल्यावर त्या तोडायच्या, असं अनेकांना वाटतं. तेव्हा तोडल्या तर अंगाचे टवके उडतात. आधीच गरम पाण्यात थोडा वेळ बुडवल्या तर सहज सुटतात.

मग ऊन. बरीचशी घरगुती रेझिन 405 नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने घट्ट होतात आणि ऊनही ते काम करतं. पण दिवसभर तापवली की मूर्ती पक्की होण्याऐवजी ठिसूळ होते, पिवळटही पडते. चिकटपणा गेला नाही म्हणून लोक आणखी ऊन देतात. नीट धुतलेलं नसेल तर आधी तेच पुन्हा करायला हवं. तरीही चिकट राहिली, तर हवेतला ऑक्सिजन वरचा थर घट्ट होऊ देत नसतो. काचेच्या भांड्यात पाण्यात बुडवून ऊन दाखवलं की फरक पडतो.

प्रायमरने थरांच्या रेषा झाकल्या जात नाहीत, उलट उठून दिसतात. त्या आधीच ओल्या पॉलिश पेपरने घासायच्या, म्हणजे धूळ नाकात जात नाही.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘पाण्याने धुता येणारं’ रेझिन निरुपद्रवी असतं. मूर्ती धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही. त्यातलं कच्चं रेझिन पाण्यातल्या जिवांना विषारी असतं. वास नसलेलं रेझिनही हाताला लागत राहिलं तर ॲलर्जी होऊ शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे. धुतलेलं पाणी पारदर्शक भांड्यात उन्हात ठेवून गाळायचं आणि आटवायचं. उरलेला गाळ आणि पुसलेले कागद उन्हात पूर्ण कडक करून, वेगळे बांधून, सांगूनच कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंकडे द्यायचे, कारण कचरा त्या हातांनी निवडतात.