स्पोर्ट्स सेडानची केबिन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज १९७५ साली आली, तेव्हा पहिल्याच पिढीत तिच्या डॅशबोर्डचा मधला भाग चालकाकडे किंचित वळवलेला होता. रेडिओ आणि हीटरच्या कळा चालकाच्या हाताखाली याव्यात, शेजारच्याला त्या थोड्या आडबाजूला पडल्या तरी हरकत नाही, असा तो हिशेब होता. १९८२ मध्ये मर्सिडीजची १९० आली आणि पुढे तिचीच सी-क्लास झाली. १९९४ मध्ये ऑडीची ए४ आली. आकाराने आटोपशीर, किमतीने आलिशान आणि चालवायला चपळ अशा गाड्यांचा एक वर्गच त्यातून उभा राहिला. या गाड्यांच्या आतल्या सुखसोयींबद्दल जे गैरसमज आढळतात, त्यांतले बरेचसे एकाच कारणाने होतात. गाडी पारखली जाते ती मागच्या सीटवर बसून, आणि बनवताना पहिला विचार झालेला असतो तो स्टिअरिंगमागच्या माणसाचा.

गाडी एवढी महाग, म्हणजे मागे ऐसपैस जागा असणारच, हा त्यांतला सर्वांत पक्का समज. २०१८ मध्ये सादर झालेल्या थ्री सिरीजच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, २,८५१ मिलिमीटर आहे. स्कोडा सुपर्बच्या तिसऱ्या पिढीचा व्हीलबेस २,८४१ मिलिमीटर, म्हणजे दहा मिलिमीटरने कमीच. तरीही मागे बसणाऱ्याला सुपर्बमध्ये पाय लांब करता येतात आणि थ्री सिरीजमध्ये गुडघे पुढच्या सीटच्या जवळ जातात. फरक इंजिनाच्या मांडणीत आहे. सुपर्बचे इंजिन आडवे बसवलेले आहे आणि गिअरबॉक्सही त्याच्याच शेजारी, बॉनेटखाली मावतो. थ्री सिरीजचे इंजिन लांबीच्या दिशेने आणि शक्य तितके मागे सरकवून बसवतात. गिअरबॉक्स त्याच्या पाठीमागे, थेट पुढच्या दोन सीटांच्या मधे शिरतो, आणि मागच्या चाकांना ताकद पोहोचवणारा शाफ्ट केबिनच्या पोटाखालून जातो. पुढची चाके पुढे आणि प्रवासी मागे अशा या रचनेत व्हीलबेसचा बराच भाग यंत्रासाठी खर्ची पडतो. त्याच्या बदल्यात गाडीचे वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास निम्मे-निम्मे वाटले जाते आणि वळणावर गाडी हातात राहते. जागा कमी पडली ती रचनेतल्या चुकीमुळे नव्हे. ती जाणूनबुजून मोजलेली किंमत आहे.

मागच्या बाजूला पायांमध्ये येणारा उंचवटा हा त्याच शाफ्टचा बोगदा. मागची मधली सीट त्यामुळे नावापुरतीच उरते. पाच सीटबेल्ट आहेत म्हणून गाडी पाच जणांची, हे कागदावर खरे. पुणे-कोल्हापूर प्रवासात मधे बसलेल्याला ते पटवून देणे अवघड. ऑडी ए४ पुढच्या चाकांवर चालणारी असली, तरी तिच्यातही हा उंचवटा असतो, कारण तोच सांगाडा क्वाट्रो या चारही चाकांवर चालणाऱ्या आवृत्तीसाठी वापरायचा असतो.

अलीकडच्या गाड्या आतून आक्रसत चालल्या आहेत, ही तक्रार मात्र मोजपट्टीपुढे टिकत नाही. पहिल्या थ्री सिरीजचा व्हीलबेस २,५६३ मिलिमीटर होता. १९९५ साली आलेल्या फाइव्ह सिरीजचा, म्हणजे एक पायरी वरच्या गाडीचा, २,८३० होता. आजची थ्री सिरीज त्या फाइव्हलाही मागे टाकते.

चालक ठेवणाऱ्या मालकांसाठी वेगळी वाट काढली गेली, ती आधी चीनमध्ये. तिथे २०१२ मध्ये लांब व्हीलबेसची थ्री सिरीज आली. भारतात जानेवारी २०२१ मध्ये ग्रॅन लिमोझिन या नावाने तशीच गाडी आली. चेन्नईच्या कारखान्यात जुळणी होणाऱ्या या गाडीचा व्हीलबेस २,९६१ मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या गाडीपेक्षा ११० ने जास्त. ही वाढ मागच्या प्रवाशाच्या पायांसाठी आहे. पण लांबी वाढली म्हणून रुंदी वाढत नाही आणि बोगदाही जात नाही. छप्पर बसके म्हणून सीटही खाली, त्यामुळे उंच माणसाचे गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार कमी पडतो. पाय पसरायला जागा मिळाल्याने हे थोडे सुसह्य होते, इतकेच. शोरूममध्ये पाच मिनिटे बसून पाय पुरतात का हे कळते, मांड्यांचे दुखणे तासाभराने कळते.

सीट मऊ तितकी आरामदायी, हा समज दिवाणखान्यातून गाडीत आलेला असावा. मऊ फोमवर बसताच बरे वाटते, पण शरीराचा भार मोजक्या जागी रुततो, कंबर मागे वाकते आणि स्नायू सतत तोल सावरत राहतात. जर्मन गाड्यांच्या सीट पहिल्यांदा बसणाऱ्याला कडक वाटतात, त्या मुद्दामच तशा केलेल्या असतात. घट्ट फोम भार पसरवतो. बाजूचे फुगवटे वळणावर शरीर धरून ठेवतात, आणि मांडीखालचा पुढे ओढता येणारा भाग व कंबरेचा आधार यांमुळे लांबच्या प्रवासात थकवा कमी येतो. मात्र हे सगळे नीट लावून घ्यावे लागते. पुष्कळ चालक सीट फक्त पुढे-मागे करतात आणि पैसे मोजून घेतलेल्या बाकीच्या सोयींना कधी हात लावत नाहीत.

चामड्याबद्दल तर दुहेरी गैरसमज आहे. महागड्या गाडीत असते ते सगळे अस्सल चामडेच, हा एक; आणि कृत्रिम असेल तर फसवणूक झाली, हा दुसरा. ‘लेदर सीट’ असे लिहिलेले असले तरी चामडे बहुधा फक्त बसण्याच्या आणि टेकण्याच्या भागावर असते. कडा आणि सीटची पाठ कृत्रिम आवरणाची असते. बीएमडब्ल्यूचे सेन्साटेक आणि मर्सिडीजचे आर्टिको ही तर पूर्णपणे कृत्रिम आवरणे आहेत, आणि ती टाकाऊ नाहीत. मर्सिडीजच्या एमबी-टेक्स या जुन्या आवरणाने टॅक्सींमध्ये वर्षानुवर्षे तग धरला. अस्सल चामड्याला निगा लागते, ऊन लागून ते कोरडे पडते. कृत्रिम आवरण पुसले की झाले. पण त्यातून हवा जात नाही, म्हणून पाठीला घाम जास्त येतो.

घामावरचा उपाय म्हणून व्हेंटिलेटेड सीट येतात आणि त्यांतून एसीसारखी गार हवा येईल अशी अपेक्षा धरली जाते. बहुतेक गाड्यांत सीटमधले छोटे पंखे फक्त केबिनमधली हवा छिद्रांतून खेळवतात. १९९७ च्या साब ९-५ मध्ये ही सोय आली, तेव्हाही पंखे पाठीमागची दमट हवा ओढून घेत होते. उन्हात तापलेल्या गाडीत शिरताच सीट व्हेंटिलेशन सुरू केले, तर आधी गरम हवाच फिरते. एसीने केबिन गार केल्यावर त्याचा खरा उपयोग जाणवतो.

थ्री-झोन क्लायमेट कंट्रोल म्हणजे तीन एसी, असेही नाही. कॉम्प्रेसर एकच असतो. थंड केलेल्या हवेत प्रत्येक झोनच्या झडपेने हीटरवरून आलेली उबदार हवा कमी-अधिक मिसळली जाते आणि तिथले तापमान साधले जाते. सगळी हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण प्रवासभर दाबून ठेवणे हेही चुकीचेच. केबिन लवकर गार व्हायला सुरुवातीला ते उपयोगी पडते, पण बंद काचांआड श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि चालकाला पेंग येऊ लागते.

गाडी खड्ड्यांत आदळते, कारण तिचे सस्पेन्शन स्पोर्टी आहे, हे अर्धसत्य. उरलेले अर्धे टायरमध्ये असते. १७ इंची चाकावरच्या २२५/५० टायरची बाजूची भिंत सुमारे ११२ मिलिमीटर उंच असते. दिसायला देखण्या १९ इंची चाकावरच्या २२५/४० टायरची ९० मिलिमीटर. खड्ड्याचा धक्का शोषायला तितके रबर आणि तितकी हवा कमी. त्यात टायर रन-फ्लॅट असेल, तर हवा गेल्यावरही ताशी ८० किलोमीटर वेगाने सुमारे ८० किलोमीटर जाता यावे म्हणून त्याच्या भिंती मुळातच कडक केलेल्या असतात. खराब रस्त्यांवर वापर असेल, तर लहान चाकांची आवृत्ती घेणे शहाणपणाचे, शेजाऱ्यांना ती कमी रुबाबदार वाटली तरीही. ‘कम्फर्ट’ मोडचे बटणही सगळीकडे सस्पेन्शन मऊ करत नाही. गाडीत अडॅप्टिव्ह, म्हणजे गरजेप्रमाणे कडक-मऊ होणारे डॅम्पर नसतील, तर त्या बटणाने एक्सलरेटर, गिअर आणि स्टिअरिंग यांचीच वागणूक बदलते.

आवाजाचे प्रकरण गमतीचे आहे. लॅमिनेटेड काचेच्या दोन थरांमध्ये आवाज शोषणारा पडदा घालून बाहेरचा गोंगाट अडवला जातो. मग केबिन इतकी शांत होते की इंजिनाचा आवाजही हरवतो. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये तो स्पीकरमधून परत ऐकवण्याची सोय केली गेली आणि नंतर ती थ्री सिरीजमध्येही आली. ऐकू येणारी गुरगुर सगळी बॉनेटखालून येते, असे समजण्याचे कारण नाही.

मोठा स्क्रीन हे आधुनिकतेचे लक्षण मानले जाते. २०२२ मध्ये थ्री सिरीजला १२.३ आणि १४.९ इंचांचे दोन स्क्रीन जोडलेला वक्र पट्टा मिळाला आणि एसीची बरीचशी बटणे गेली. त्याच वर्षी स्वीडनच्या ‘वी बिलेगरे’ या मोटार मासिकाने ताशी ११० किलोमीटर वेगात रेडिओ लावणे, तापमान बदलणे अशी काही नेहमीची कामे करून पाहिली. बटणांच्या २००५ सालच्या व्होल्वोमध्ये ती १० सेकंदांत उरकली; स्क्रीनवर भिस्त असलेल्या काही नव्या गाड्यांना त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या कामांसाठी खरी कळ असावी, अशी अपेक्षा गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ च्या सुरक्षा निकषांत घातली आहे.

वेग वगैरे चालकाच्या नजरेसमोर दाखवणाऱ्या हेड-अप डिस्प्लेचे आकडे काचेवर छापल्यासारखे वाटतात, पण ती प्रतिमा डोळ्यांना बॉनेटच्या पुढे तरंगताना दिसते, म्हणून रस्त्यावरची नजर फारशी हटत नाही. पोलराइज्ड गॉगल घातल्यास ती पुसट होते. तो गाडीचा दोष नव्हे. या डिस्प्लेसाठीची विंडशील्ड मात्र वेगळी असते. दुहेरी प्रतिमा दिसू नये म्हणून तिच्यातला मधला पडदा पाचरीसारखा, एका बाजूला जाड असतो. काच फुटल्यावर साधी काच बसवली, तर आकडे दोन-दोन दिसू लागतात.

शेवटी सनरूफ. छपरात काच आणि तिची यंत्रणा बसवायची म्हणजे डोक्यावरची काही सेंटीमीटर जागा जाणारच. उंच माणसाने सनरूफ असलेल्या गाडीतच बसून पाहावे. पावसाळ्यात छतातून पाणी ठिबकू लागले की रबर गेले असे ठरवून ते बदलले जाते. प्रत्यक्षात ते रबर सगळे पाणी अडवतच नाही. झिरपलेले पाणी काचेभोवतीच्या पन्हळीत जमते आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून गाडीखाली निघून जाते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीच्या या नळ्या पानांच्या चुऱ्याने आणि धुळीने तुंबतात, मग पाणी आत उतरते. मे महिन्यात सर्व्हिसिंगच्या वेळी त्या साफ करून घेतल्या, तर नवे रबर घेण्याची वेळ सहसा येत नाही.