कानाची इयत्ता

"मामा, मना कान ते चांगला शेतस. मंग मार्क कसाले कमी पडनात?"

भाच्याने मोबाइल पुढे धरला. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल होता. वाचनात ७, ऐकण्यात ५.५. बारावीला इंग्रजीत ऐंशीच्या वर गेलेला, फार्मसी झालेला, चोपड्याहून रात्रीच्या गाडीने पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आलेला पोरगा. हेडफोनच खराब असणार, अशी त्याची खात्री होती. मी आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं, त्यामुळे घरात असले निकाल वाचून दाखवायचं काम माझ्याकडे येतं. हेडफोन चांगले होते, हे सांगायला मला जरा जड गेलं.

त्याचा पहिला गैरसमज माझ्याच पिढीने पेरलेला आहे. पेपरात मार्क पडले म्हणजे इंग्रजी येतं, आणि येतं म्हणजे ऐकलेलं समजतं. आपल्या शाळेतलं ऐकणं म्हणजे श्रुतलेखन. गुरुजी एक वाक्य तोडून तोडून तीनदा म्हणणार, मागच्या बाकावरून "सर, परत" असा आवाज आला की चौथ्यांदा. आयईएलटीएसमध्ये चार भाग, चाळीस प्रश्न, साधारण अर्ध्या तासाचं ध्वनिमुद्रण, आणि प्रत्येक तुकडा एकदाच ऐकवतात. महाराष्ट्रात मराठी शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, त्याआधी ते पाचवीला भेटायचं. पण पहिलीपासून काय, बालवाडीपासून शिकलं तरी कानावर पडलं ते आमचंच इंग्रजी: खान्देशी मुशीतलं, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. इंग्लिश मीडियमच्या पोरांनीही याहून फार वेगळं ऐकलेलं नसतं. पालकांना हे पटत नाही, कारण फी भरलेली असते.

मग लोक म्हणतात, "ते गोरे फार भरभर बोलतात." भाचाही तेच म्हणाला. फ्रान्समधल्या ल्यों शहरातले संशोधक पेलेग्रिनो आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये काही भाषांचा वेग मोजून प्रसिद्ध केला. जपानी बोलणारा सेकंदाला ७.८४ अक्षरं उच्चारतो, स्पॅनिश बोलणारा ७.८२, इंग्रजी बोलणारा ६.१९. म्हणजे त्या यादीत इंग्रजी संथच निघाली. तरी आपल्याला ती भरधाव वाटते, कारण आपण जे शब्द ऐकायला टपून बसलेलो असतो ते तिथे तसे उच्चारलेच जात नाहीत.

हे नीट बघण्यासारखं आहे. मी भाच्याला एका संभाषणातलं एक साधं वाक्य ऐकवलं आणि लिहायला सांगितलं. छापलेलं वाक्य होतं: व्हॉट आर यू गोइंग टू टेल हिम? बोलणाऱ्याच्या तोंडून आलं: ‘व्हॉटर्य गन टेलिम’. भाच्याने लिहिलं: व्हॉट, मग मोकळी जागा, मग ‘गन’, मग ‘टेलिंग’. बंदूक कुठून आली हे त्यालाही कळेना. यातला एकही शब्द त्याला नवा नव्हता, सातही शब्द त्याला पाचवीतच येत होते. ‘हिम’मधला ‘ह’ गळला, उरलेलं ‘इम’ आधीच्या ‘टेल’ला चिकटलं आणि कानाने ओळखीचा शब्द म्हणून ‘टेलिंग’ बनवून दिला.

आपण काय वेगळं करतो? ‘कुठे आहेस’चं ‘कुठेयस’ होतं, ‘काय करतो आहेस’चं ‘काय करतोयस’. अहिराणीत ‘कथा जाई ऱ्हायना भो’ हे एका दमात, एका शब्दासारखं येतं. पुण्याच्या पाहुण्याला तेच कागदावर लिहून द्या, तो अंदाजाने अर्थ लावेल. कानावर पडलं की तोंडाकडे बघत बसेल.

त्याहून वाईट फसगत ‘कॅन’ची. आपण ‘आय कॅन’ म्हणताना ‘कॅन’ ठासून म्हणतो. अमेरिकन माणसाच्या सहज बोलण्यात होकाराचा ‘कॅन’ दबून नुसता ‘कन्’ उरतो, आणि नकारातला ‘कॅन्ट’ ठसठशीत येतो; फक्त त्याचा शेवटचा ‘ट’ तो अर्धा गिळतो. आपल्या कानाला स्वच्छ ‘कॅन’ ऐकू आला म्हणून आपण खूश होतो, आणि समोरचा नाही म्हणालेला असतो. पगाराचं बोलणं चालू असेल तर हे महागात पडतं. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’चंही तसंच. फरक जोर कुठे पडतो यात आहे, शेवटच्या ‘न’ची वाट बघत बसलं की आकडा हुकतो.

आता उलट बाजूचा गैरसमज. आमच्या गल्लीत एक तात्या होते, चौथी पास. आकाशवाणीवर कसोटीचं समालोचन आलटून पालटून हिंदी आणि इंग्रजीत असायचं. इंग्रजीची पाळी आली तरी तात्यांचा ट्रान्झिस्टर कानापासून हलत नसे, आणि धावा, बळी, कोण कुठे झेलबाद झाला हे ते बिनचूक सांगत. तात्यांना इंग्रजी समजत होतं का? मी म्हणेन, समजत होतं, पण क्रिकेटपुरतं. खेळ माहीत होता, पुढे काय घडू शकतं ते चार-पाच प्रकारांतलंच असतं हे माहीत होतं, प्रेक्षकांचा आवाज अर्धं सांगत होता. आपल्या एसटी स्टँडवर भोंग्यातून जे खरखरतं त्यातून आपण ‘यावल मार्गे’ बरोबर टिपतो ते याच जोरावर. मुंबईचा माणूस शेजारी मराठीच बोलत उभा असतो, त्याला ओ की ठो कळत नाही. विषय ओळखीचा असला की कान उधारीवर चालतो. परीक्षेतल्या चौथ्या भागात एखादं विद्यापीठातलं व्याख्यान असतं, एकट्याचं, अनोळखी विषयावर. तिथे उधारी बंद.

सबटायटल लावून वेबसिरीज बघणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. ते वाचन आहे. चांगलं वाचन आहे.

आणि ‘माझी लेव्हल किती?’ या प्रश्नाचं एका आकड्यात उत्तर मिळतं, हाही एक भ्रमच. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये भाषा येण्याच्या सहा पायऱ्या छापल्या: ए-१ पासून सी-२ पर्यंत. ऐकण्यापुरतं बोलायचं तर बी-१ म्हणजे रोजच्या, ओळखीच्या विषयावर कोणी स्पष्ट बोललं तर मुख्य मुद्दे कळतात. बी-२ म्हणजे लांब भाषणं, बातम्या, प्रमाण बोलीतले बहुतेक सिनेमे पेलतात. या दोन पायऱ्यांमध्ये बरीच मंडळी वर्षानुवर्षं उभी असतात. आयईएलटीएसचे ४ ते ५ म्हणजे साधारण बी-१, ५.५ ते ६.५ म्हणजे बी-२, ७ ते ८ म्हणजे सी-१. चाळिसांपैकी साधारण २३ बरोबर आले की ६ मिळतात, ३० बरोबर आले की ७. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला ऐकण्यात ७ लागतात, त्यामुळे या सात प्रश्नांवर कुणाचा तरी विमानप्रवास अडलेला असतो. त्यातले एक-दोन तर स्पेलिंगपायी जातात. ऐकण्याच्या परीक्षेत स्पेलिंग कोण बघतंय, असं समजू नका. उत्तर लिहायचं असतं आणि ‘अकोमोडेशन’मधला एक ‘एम’ खाल्ला तर शून्य. चुकलेल्या उत्तराचे गुण मात्र कापत नाहीत, तेव्हा जागा कोरी ठेवण्यात शहाणपण नाही. आणि हा निकाल साधारण दोनच वर्षं धरला जातो, कारण कान गंजतो.

पाच मिनिटांत दहा प्रश्न विचारून ‘तुम्ही ॲडव्हान्स्ड’ असं सांगणाऱ्या मोबाइलवरच्या चाचण्यांवर माझा विश्वास नाही. ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिशवर पायरीवार ऐकण्याचे तुकडे फुकट आहेत, लिखित मजकुरासकट. त्यांचा उपयोग मी भाच्याकडून असा करून घेतला.

दोन मिनिटांचा, अनोळखी विषयावरचा तुकडा. एकदाच ऐकायचा आणि काय कळलं ते मराठीत लिहायचं. मराठीत अशासाठी, की इंग्रजी शब्द जसेच्या तसे उतरवून समजल्याचं सोंग करता येतं, मराठीत ते जमत नाही. मग त्यातल्या तीस सेकंदांचं श्रुतलेखन, हवं तितक्या वेळा थांबवून. मग छापील मजकूर समोर ठेवून लाल पेन. प्रत्येक चुकीपुढे एक, दोन किंवा तीन असा आकडा. शब्दच माहीत नव्हता तर एक. शब्द येतो पण ऐकू आला तेव्हा ओळखला नाही, तर दोन. सगळे शब्द टिपले पण वाक्याचा अर्थ निसटला, तर तीन.

भाच्याला वाटत होतं वहीभर एकचे आकडे पडतील. त्याने शब्दसंग्रहाची दोन पुस्तकंही आणून ठेवली होती. पडले जवळजवळ सगळे दोनचे. एकवाल्याने शब्द पाठ करावेत. तीनवाल्याची अडचण बहुतेकदा अशी की तो मनात प्रत्येक वाक्याचं मराठी करत बसतो, पहिलं होईपर्यंत तिसरं निघून जातं; त्याने सोप्या पायरीचं पुष्कळ ऐकावं. दोनवाल्याने तोच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा, मजकूर बघत आणि मग न बघता, त्याच्याबरोबर तोंडाने बोलत ऐकावा. झोपताना इअरफोन लावून रात्रभर इंग्रजी वाजवत ठेवणं हा उपाय यात कुठेच बसत नाही. भाच्याने तोही महिनाभर केला होता.

उच्चाराची भीती खान्देशातल्या माणसाने तरी बाळगू नये, असं माझं मत आहे. चोपड्याच्या बाजारात एका सकाळी अहिराणी, गुजरी, लेवा बोली, सातपुड्यातून उतरलेली पावरी आणि हिंदी एवढं सगळं कानावर पडतं. ‘केळी’ला कोणी ‘केयी’ म्हणालं म्हणून आपला सौदा अडत नाही. तिथे ‘ळ’चा ‘य’ होतो हे कुणी शिकवलं नाही, ऐकून ऐकून बसलं. ‘वॉटर’चं अमेरिकन तोंडी ‘वॉडर’ होतं आणि ‘ट्वेंटी’चं ‘ट्वेनी’, तेही तसंच बसतं. फक्त एकाच चॅनेलच्या एकाच माणसाला ऐकू नये. परीक्षेत ब्रिटिश असतात तसे ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, कॅनडाचे आवाजही येतात.

परवा संध्याकाळी भाचा वही घेऊन आला. तीस सेकंदांत दोनचे चार आकडे. "मामा, आते कितली लेव्हल व्हयनी?" मी वही उलटी केली. चारही ठिकाणी तोच एक शब्द सुटला होता: ‘ऑफ’. ‘कप ऑफ टी’ला त्याने पुन्हा ‘कपटी’ लिहून ठेवलं होतं.