तापामागून आलेला लकवा

लावणीच्या दिवसांत पेण-रोह्याकडे कुणाला ताप आला की डॉक्टरांच्या डोक्यात आधी तीन नावं येतात: मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो. त्यात गैर काही नाही. दिवसभर चिखलात उभं राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हाच विचार आधी व्हायला हवा. पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात, ताप उतरतो, आठवड्याने पुन्हा चढतो. मग दुसरा दवाखाना, दुसऱ्या गोळ्या, एखादं सलाईन. बहुतेकांचं यात निभावतं. एखाद्याचं निभावत नाही. महिनाभर अशी रखडपट्टी झाल्यावर एका सकाळी त्याचा उजवा हात उचलत नाही, तोंड वाकडं होतं, जीभ जड होते. घरचे म्हणतात, वारं गेलं. वय बघावं तर तीस-पस्तीस.

एवढ्या तरुण माणसाला, तेही तापामागून लकवा आला, तर मेंदूच्या बरोबरीने हृदयाकडेही बघावं लागतं. दोष अनेकदा तिथल्या झडपेत असतो. हृदयाच्या झडपांना होणाऱ्या या जंतुसंसर्गाला डॉक्टर इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात.

धडधाकट झडपेवर जंतू सहसा टिकत नाहीत. त्यांना खडबडीत जागा लागते, आणि ती आपल्याकडे बऱ्याचदा लहानपणीच तयार झालेली असते. घसा सुजला, मागोमाग सांधे धरले, ताप आला आणि गेला. घरात कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. हा ऱ्हुमॅटिक ताप सांध्यांना सोडतो, पण झडपेवर कायमची खूण ठेवतो. चंदीगडच्या पीजीआयमध्ये १९८१ ते १९९१ या काळात दाखल झालेल्या एंडोकार्डायटिसच्या रुग्णांचं सरासरी वय पंचविशीच्या आसपास निघालं होतं, आणि त्यांच्यात ऱ्हुमॅटिक झडपांचा वाटा सर्वांत मोठा होता. युरोप-अमेरिकेत हा मुख्यतः म्हाताऱ्यांचा, कृत्रिम झडपा आणि पेसमेकर बसवलेल्यांचा आजार आहे. आपल्याकडे तो कमावत्या माणसाला आणि लेकुरवाळ्या बाईला गाठतो.

जंतू येतात कुठून? पुष्कळदा तोंडातून. किडलेली दाढ आणि सुजलेल्या हिरड्या हे त्यांचं घरच. आपल्याकडच्या बायकांची मिश्रीची सवय हिरड्यांची आणखी वाट लावते. चावताना, दात घासताना थोडे जंतू रक्तात उतरतातच. निरोगी शरीर ते मिनिटांत निपटून काढतं. झडप खराब असेल तर त्यातले काही तिथे चिकटतात. त्यांच्याभोवती प्लेटलेट आणि फायब्रिन जमतं आणि एक मऊ गाठोळी वाढू लागते. आतल्या जंतूंपर्यंत पांढऱ्या पेशी नीट पोचत नाहीत, औषधही मोठ्या मात्रेत, शिरेतून, चार ते सहा आठवडे द्यावं लागतं. एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर ही गाठोळी झडपेच्या कडेला लोंबताना, प्रत्येक ठोक्याला इकडून तिकडे झुलताना दिसते. दिवसाला सुमारे एक लाख ठोके. तुकडा तुटणार नाही, असं कोण म्हणेल?

आणि तुटला तर जाणार कुठे? हृदयाच्या डाव्या बाजूने बाहेर पडणाऱ्या रक्तातला सुमारे पाचवा हिस्सा मेंदूला जातो. या रुग्णांपैकी २० ते ४० टक्क्यांना मेंदूचा काही ना काही उपद्रव होतो: लकवा, रक्तस्राव, मेंदूज्वर, क्वचित मेंदूत पू. हे झालं बाहेरून दिसणारं. फ्रान्समधल्या २०१० च्या एका अभ्यासात १३० रुग्णांचा सरसकट एमआरआय काढला, तेव्हा ८२ टक्क्यांच्या मेंदूत इजा सापडल्या. मेंदूची लक्षणं मात्र त्यांच्यातल्या जेमतेम १२ टक्क्यांना होती.

सगळ्यांत फसवा प्रकार रक्तवाहिनीच्या फुग्याचा. जंतू घेऊन गेलेला बारीकसा तुकडा मेंदूतल्या धमनीच्या भिंतीत रुततो आणि भिंत आतून सडवतो. खारेपाटात खेकडे बांध पोखरतात, वरून बांध शाबूत दिसतो, आणि उधाणाच्या एका भरतीला खांड जाते; तसंच हे. काही वेळा औषधांचा कोर्स पुरा होऊन रुग्ण घरी गेल्यावरही असा फुगा फुटतो. म्हणून या आजारात नव्याने सुरू झालेली डोकेदुखी बाम चोळून अंगावर काढायची नसते.

निम्म्याच्या आसपास रुग्णांवर शस्त्रक्रियेची वेळ येते: झडप फाटून हृदय थकतं, संसर्ग औषधाला दाद देत नाही, किंवा गाठोळी दहा मिलिमीटरहून मोठी होते आणि तिचे तुकडे उडू लागतात. खरा पेच इथे पडतो. ओपन हार्ट शस्त्रक्रियेत रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवावं लागतं. ते नळ्यांमध्ये गोठू नये म्हणून हेपॅरिन इतकं देतात, की एरवी चाचणीत दोनेक मिनिटांत गोठणारं रक्त आठ मिनिटांनंतरही पातळच राहतं. मेंदूत ताजी जखम असलेल्या माणसाला हे सोसेल? त्या जखमेत रक्तस्राव झाला, तर झडप वाचून माणूस जायचा. थांबावं, तर हृदय दम तोडतं आणि दुसरा तुकडा निघायला टपलेला असतो.

पूर्वी सर्जन सरसकट थांबत. आता हिशेब बदलला आहे. लकवा रक्त अडल्यामुळे आला असेल, सीटी किंवा एमआरआयमध्ये रक्तस्राव नसेल, रुग्ण कोमात नसेल आणि हृदयाची निकड असेल, तर शस्त्रक्रिया लांबवू नये, असं युरोपीय मार्गदर्शिका सांगतात. मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर शक्य असल्यास किमान महिनाभर थांबावं. कोरियातल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये ७६ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. या सगळ्यांची झडप बरीच बिघडलेली होती आणि गाठोळी मोठी होती. ज्यांची शस्त्रक्रिया ४८ तासांत झाली, त्यांच्यात सहा आठवड्यांत एकाचाही तुकडा उडाला नाही. नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्या ३९ जणांपैकी आठ जणांचा उडाला. मात्र मोठा लकवा आधीच होऊन गेलेले रुग्ण या प्रयोगात घेतलेच नव्हते. त्यांच्यासाठी आजही कार्डिऑलॉजिस्ट, सर्जन आणि न्यूरॉलॉजिस्ट यांना एकत्र बसून, माणूस बघूनच ठरवावं लागतं.

माझ्या मते आपल्या भागाचा प्रश्न मात्र सर्जनच्या टेबलापाशी येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. २००७ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात योग्य अँटिबायोटिक सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात दर हजार रुग्ण-दिवसांमागे लकव्याच्या ४.८ घटना होत्या, दुसऱ्या आठवड्यात १.७. मेंदू वाचवणारं पहिलं औषध म्हणजे वेळेवर सुरू झालेलं, नेमकं अँटिबायोटिक. ते नेमकं ठरवायला ब्लड कल्चर लागतं: दोन्ही हातांतून, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने, तीन वेळा घेतलेलं रक्त, आणि तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. पाच दिवसांच्या उरकत्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, ते कल्चरमध्ये उगवायचे तेवढे बंद होतात. मग पुढचे डॉक्टर अंधारात चाचपडतात.

झडपेची शस्त्रक्रिया पेणच्या किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात होत नाही. पनवेल, नवी मुंबई नाहीतर मुंबईचं केईएम, जे.जे. गाठावं लागतं. पण पैशांचं कारण पूर्वीइतकं आडवं येत नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. तीच आता महात्मा फुले योजना आहे आणि तिच्यात झडपेची शस्त्रक्रियाही बसते. पाठवायला उशीर होतो तो निदानापायी.

ज्यांच्या घरात झडपेचा आजार आहे, कृत्रिम झडप बसवलेली आहे किंवा लहानपणी 'हृदयात आवाज आहे' असं सांगितलेलं आहे, त्यांनी काही पथ्यं पाळावीत. एकोचा जुना रिपोर्ट रेशनकार्डाशेजारी ठेवा. दर तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन लावून दिलं असेल तर लावणी आहे, लग्न आहे म्हणून चुकवू नका. दाढ काढण्याआधी दंतवैद्याला झडपेचं सांगा. ताप आठवडाभर रेंगाळला तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, गोळ्यांआधी ब्लड कल्चर घ्यायचं का?

आणि लकवा आलाच, तर मालिश करणाऱ्याकडे न जाता १०८ ला फोन करा. रुग्णालयात पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य हे सांगा: 'यांना महिनाभर ताप होता, झडपेचा त्रास आहे.' साध्या लकव्यात पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. या आजारात त्याच इंजेक्शनाने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका फार मोठा असतो, म्हणून ते टाळतात. तापाची गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत, तर इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना ती कळायला दुसरा मार्ग नाही.